घड्याळाला न जुमानणारी शर्यत

शंभर मीटरपासून मॅरेथॉनपर्यंत धावण्याच्या प्रत्येक शर्यतीचा विश्वविक्रम कुणाच्या ना कुणाच्या नावावर आहे. माळरानातून, चढउतारांवरून धावायच्या क्रॉस कंट्रीचा मात्र कुणाच्याच नावावर नाही. या प्रकाराची पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९७३ मध्ये बेल्जियममधल्या वारेगेम इथे झाली. तेव्हापासून विजेत्यांना पदके मिळतात, त्यांच्या वेळाही कागदावर नोंदल्या जातात, पण विक्रम म्हणून त्यातली एकही वेळ धरली जात नाही. कारण उघड आहे. एका ठिकाणी हिरवळ सपाट आणि कोरडी, तर दुसरीकडे चढ छातीवर येणारा. एका वर्षी कडक ऊन, पुढच्या वर्षी त्याच मैदानावर घोटाभर चिखल. दहा किलोमीटर दोन्हीकडे दहाच भरतात, पण त्यांची तुलना करायची कशी? ॲथलेटिक्सच्या जागतिक संघटनेने तो नादच सोडून दिला.

हौशी धावपटूंनीही हा नाद वर्षातून निदान काही महिने सोडावा, असे सुचवावेसे वाटते.

महाराष्ट्रात रस्त्यावरच्या धावण्याला आता चांगलेच दिवस आले आहेत. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासूनची, मुंबईची २००४ पासूनची. त्यानंतर जिल्ह्याजिल्ह्यांत ‘हाफ’ आणि ‘टेन के’ सुरू झाल्या, पहाटे साडेपाचला चौकाचौकांत रंगीत टी-शर्ट दिसू लागले. यातल्या बहुतेकांची गोष्ट साधारण सारखीच असते. पहिल्या वर्षी नुसते धावता येते याचाच आनंद. दुसऱ्या वर्षी मनगटावर जीपीएसचे घड्याळ येते, वेळ भराभर कमी होत जाते आणि ‘पीबी’, म्हणजे स्वतःची सर्वोत्तम वेळ, हा शब्द घरातल्या सगळ्यांना पाठ होतो. तिसऱ्या-चौथ्या वर्षी आकडा अडतो. वय वाढलेले असते, नोकरी तीच असते, शरीराने जे द्यायचे ते बरेचसे देऊन झालेले असते. मग धावून घरी आलेल्या माणसाला बायकोने “कसं वाटलं?” असे विचारले, तर उत्तर येते, “पाच बावन्न.” म्हणजे किलोमीटरला पाच मिनिटे बावन्न सेकंद. प्रश्न वेगळा होता हे त्याच्या लक्षातही येत नाही.

क्रॉस कंट्रीत हे उत्तर देताच येत नाही. पाच बावन्नला तिथे काही अर्थ नसतो. अर्थ असतो तो पुढे कोण आहे, मागून कोण येतो आहे आणि पायाखाली काय आहे, एवढ्यालाच.

या खेळाचा जन्मच मुळी खोड्यांतून झाला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमधल्या श्रूजबरी आणि रग्बी या निवासी शाळांत मुले ‘ससे आणि शिकारी कुत्रे’ खेळत. दोघे जण ससे होत आणि खांद्याला कागदाच्या कपट्यांची पिशवी अडकवून पुढे पळत. शेतातून, कुंपणावरून, ओढ्यातून जाताना ते कपटे टाकत जात. काही मिनिटांनी उरलेली पोरे त्या कपट्यांचा माग काढत सुटत. ससे अर्थातच लबाडी करत, खोटा माग टाकत, मुद्दाम काटेरी झुडपांतून जात. रग्बी शाळेतल्या अशा एका पळापळीचे वर्णन १८५७ च्या ‘टॉम ब्राउन्स स्कूल डेज’ या कादंबरीत आले आहे. श्रूजबरीच्या मुलांनी तर शिकारीची भाषाच उचलली. त्यांच्या संघाच्या कर्णधाराला ते शिकारी म्हणत, धावणाऱ्यांना कुत्रे, आणि जो शर्यत जिंकेल त्याने ‘शिकार मारली’ असे नोंदवत.

शाळेतून बाहेर पडलेल्या मोठ्या माणसांनी हा पोरखेळ उचलला तोही गमतीने. लंडनमध्ये टेम्स नदीवर वल्ही मारणारे काही हौशी गडी होते. हिवाळ्यात होड्या बंद असल्या की त्यांचे अंग आखडायचे. त्यांनी १८६८ मध्ये ‘टेम्स हेअर अँड हाउंड्स’ नावाचा क्लब काढला. प्रौढांचा, निव्वळ क्रॉस कंट्रीसाठी निघालेला हा जगातला सर्वांत जुना क्लब, आणि तो आजही चालू आहे. या मंडळींना कुणाला हरवायचे होते असे नाही. त्यांना जानेवारीत घराबाहेर पडायला निमित्त हवे होते.

इंग्लंडची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १८७६ मध्ये लंडनजवळच्या एपिंगच्या जंगलात झाली. बत्तीस धावपटू होते. कपट्यांचा माग धरून सगळे सुटले आणि सगळेच्या सगळे वाट चुकले. पंचांनी शर्यत रद्दबातल ठरवली. म्हणूनच त्या स्पर्धेची अधिकृत मोजदाद १८७७ पासून होते. ज्या खेळाची पहिली राष्ट्रीय स्पर्धा सर्व स्पर्धक हरवल्यामुळे रद्द झाली, त्या खेळाने स्वतःकडे फार गंभीरपणे पाहू नये हेच बरे.

कागदाचा माग काढत पळण्याची ही परंपरा पुढे पूर्वेकडेही आली. १९३८ मध्ये क्वालालंपूरमधल्या ब्रिटिश नोकरदारांनी, त्यातही अल्बर्ट गिस्पर्ट या हिशेबनिसाने पुढाकार घेऊन, ‘हॅश हाउस हॅरियर्स’ सुरू केला. संध्याकाळी रबराच्या मळ्यांतून माग काढत पळायचे आणि शेवटी बिअर प्यायची, असा कार्यक्रम. त्याच्या शाखा आज जगभर आहेत आणि त्यात पहिला येणाऱ्याची बहुतेक वेळा टिंगलच होते.

आता जरा गुणांच्या हिशेबाकडे वळू, कारण क्रॉस कंट्रीची खरी गोडी तिथे आहे आणि आपल्याकडे त्याविषयी फारसे बोलले जात नाही. क्रॉस कंट्री हा एकट्याचा खेळ दिसतो, पण तो संघाचा आहे. पहिल्या आलेल्याला एक गुण, दुसऱ्याला दोन, सत्तेचाळिसाव्याला सत्तेचाळीस. संघातल्या ठरावीक धावपटूंच्या क्रमांकांची बेरीज करायची. ज्याची बेरीज सर्वांत कमी तो संघ जिंकला. जागतिक स्पर्धेत चार जण मोजतात, इंग्लंडच्या राष्ट्रीय स्पर्धेत पुरुषांचे सहा.

समजा, एका संघाचे तीन धावपटू पहिले, दुसरे आणि तिसरे आले आणि चौथा चाळिसावा आला. बेरीज झाली ४६. दुसऱ्या संघाचा कुणीच पहिल्या सातांत नाही. त्यांचे चौघे आठवे, नववे, दहावे, अकरावे. बेरीज ३८. दुसरा संघ जिंकला! पहिल्या तिघांच्या गळ्यात वैयक्तिक पदके पडतील, पण चषक घेऊन दुसरेच घरी जातील. आणि तो चषक खरे तर हरला कुणी? चाळिसाव्या आलेल्याने. त्याने शेवटच्या चढावर नऊ जणांना मागे टाकले असते, तर चित्र पालटले असते. गुण समान झाले तर ज्या संघाचा मोजला जाणारा शेवटचा गडी आधी पोहोचला त्याला वरचे स्थान मिळते. म्हणजे तिथेही निकाल मागच्याच्या हाती.

अमेरिकेतल्या शाळा-कॉलेजांत तर आणखी एक मेख आहे. तिथे संघात सात जण धावतात आणि पाच मोजतात, त्यामुळे सर्वोत्तम गुणसंख्या पंधरा. पण सहावा आणि सातवाही कामाचे असतात. ते समोरच्या संघाच्या पाचव्याच्या आधी पोहोचले, तर त्याचा क्रमांक तेवढा खाली ढकलला जातो. स्वतःचे गुण न मोजले जाणारा माणूस दुसऱ्याचे गुण वाढवतो. रस्त्यावरच्या दहा हजारांच्या शर्यतीत ४,३१२ वा आलेल्या माणसाने ४,३११ व्या माणसाला गाठण्यासाठी जिवाचे रान करण्याचे काही कारण नसते. क्रॉस कंट्रीत ते असते, कारण पुढे गेलेल्या मित्रांचा हिशेब त्याच्यावर अवलंबून असतो.

याचा सर्वांत विलक्षण नमुना १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये दिसला. तेव्हा क्रॉस कंट्री ऑलिंपिकमध्ये होती. १९१२, १९२० आणि १९२४ अशा तीन वेळा ती खेळली गेली. १२ जुलैचा दिवस, पारा चाळीस अंशांच्या घरात, मार्ग धुळीचा आणि सावली नसलेला. अडतीस जण सुटले आणि फक्त पंधरा जण पोहोचले. बाकीचे वाटेत कोसळले किंवा बाजूला झाले. फिनलंडचा पावो नुर्मी मात्र ताजातवाना असल्यासारखा पहिला आला. त्याचाच देशबांधव विले रिटोला दुसरा, तोही जवळजवळ दीड मिनिटाने. पण सांघिक सुवर्णासाठी तिसरा फिन हवा होता. तो होता हेइकी लिमातैनेन. शेवटची रेषा नजरेच्या टप्प्यात असताना तो थांबला, भांबावून उलट फिरला, लोकांनी आरडाओरडा केल्यावर भानावर आला आणि चालत चालत बाराव्या क्रमांकाने रेषा ओलांडून गेला. फिनलंडला सुवर्ण मिळाले ते त्या अडखळत टाकलेल्या पावलांमुळे. त्या दिवसाचा धसका एवढा बसला की ही शर्यत ऑलिंपिकमधून काढून टाकली गेली. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ती मिश्र रिलेच्या रूपाने परत आणावी असा प्रस्ताव होता. २०२० च्या डिसेंबरात आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने तो फेटाळला. वाईट झाले.

शिखरावरच्या धावपटूंनाही हा खेळ सहजासहजी सोडत नाही. २०१७ ची जागतिक स्पर्धा युगांडात, कंपाला इथे झाली. वीस वर्षांचा जोशुआ चेप्टेगेई घरच्या प्रेक्षकांसमोर धावत होता. शेवटच्या फेऱ्याच्या सुरुवातीला तो बारा सेकंदांनी पुढे होता आणि मैदानात कुणालाच आपला आवाज ऐकू येत नव्हता. मग त्याच्या पायांतला जीवच गेला. तो डोलू लागला, जवळजवळ चालू लागला, एकेक जण त्याला ओलांडत गेला. केन्याचा जॉफ्री कामवरोर जिंकला आणि चेप्टेगेई तिसावा आला. दोन वर्षांनी डेन्मार्कमध्ये आर्हुसला हाच चेप्टेगेई जगज्जेता झाला, आणि २०२० मध्ये पाच हजार व दहा हजार मीटरचे विश्वविक्रमही त्याने केले. विक्रम ट्रॅकवरचे. कंपालातली ती फेरी मात्र ज्यांनी पाहिली त्यांना त्याची वेळ विचारली तर सांगता येणार नाही. तो तिसावा आला हे सगळे सांगतील.

आर्हुसचा मार्गही पाहण्यासारखा होता. तिथल्या मोएसगोर संग्रहालयाचे छप्पर जमिनीतून वर आल्यासारखे उतरते आहे आणि त्यावर गवत वाढवलेले आहे. आयोजकांनी शर्यत थेट त्या छपरावरून नेली. प्रत्येक फेऱ्याला धावपटूंनी छप्पर चढायचे, उतरायचे, पुढे चिखल, वाळू आणि पाण्यातून जायचे. त्याच मार्गावर त्याच दिवशी सामान्य हौशी लोकांच्याही शर्यती झाल्या. जगज्जेत्याने तुडवलेल्या चिखलात शेजारच्या गावचा शिक्षक घसरून पडतो, ही मजा फारच थोड्या खेळांत मिळते.

लंडनमधल्या पार्लमेंट हिलवर तर ती अनेकदा मिळते. इंग्लंडची राष्ट्रीय स्पर्धा फिरत फिरत काही वर्षांनी, ही टेकडी ज्यावर आहे त्या हॅम्पस्टेड हीथ माळावर येते. २०१८ मध्ये पुरुषांच्या एकाच शर्यतीत दोन हजारांहून अधिक जणांनी अंतर पूर्ण केले. सुरुवात पाहावी. टेकडीच्या पायथ्याशी एक लांबच लांब आडवी रांग, प्रत्येक क्लबला आखून दिलेला अरुंद खण, खणात पुढे क्लबचा सर्वांत वेगवान धावपटू आणि त्याच्या पाठीशी पोट सुटलेला त्याचा पन्नाशीचा सहकारी. बार होतो आणि सगळी रांग एकदम चढाला भिडते. फेब्रुवारीचा महिना, जमीन पाणी प्यायलेली. चिखलाने बूट पायातून ओढून काढू नये म्हणून अनेकांनी बुटावरून चिकटपट्टी गुंडाळलेली असते; तरीही दरवर्षी काही जण एका बुटाने शर्यत संपवतात. तळाला बारा-पंधरा मिलिमीटरचे खिळे असतात, आणि तेही पुरतील याची खात्री नसते. अशा ठिकाणी घड्याळाकडे पाहण्याइतकी सवड कुणाला?

विस्मरणात गेलेली आणखी एक गोष्ट इथे सांगायला हवी. आज प्रत्येक धावणारा ‘फार्टलेक’ हा शब्द वापरतो आणि कोचच्या तक्त्यात त्यासमोर ‘एक मिनिट जोरात, दोन मिनिटे हळू, असे आठ वेळा’ लिहिलेले असते. गोस्टा होल्मेर या स्वीडिश प्रशिक्षकाने १९३० च्या दशकात ही पद्धत आणली तेव्हा त्यात मिनिटांचे कोष्टक नव्हते. नुर्मीच्या फिनलंडकडून स्वीडनचा क्रॉस कंट्री संघ सारखा मार खात होता. होल्मेरने आपल्या पोरांना जंगलात नेले. त्या पाइनच्या झाडापर्यंत जोरात जा, मग मनाला वाटेल तितके रमतगमत, मग चढ दिसला की तुटून पडा, असे काहीसे. मुख्य म्हणजे ते खेळल्यासारखे व्हावे. त्या जंगली वाटांवर तयार झालेल्या गुंडर हेगने १९४२ च्या उन्हाळ्यात तीन महिन्यांच्या आत दहा विश्वविक्रम केले. खेळ म्हणून केलेल्या गोष्टीतून विक्रम निघाले आणि पुढच्यांनी विक्रम पाहून खेळ काढून टाकला. होल्मेरचा फार्टलेक मूळ रूपात करायचा तर घड्याळ घरी ठेवून टेकडीवर जावे लागते.

न्यूझीलंडच्या आर्थर लिडियार्डने तेच केले. ऑकलंडजवळच्या वायटाकेरे डोंगरांत पस्तीस किलोमीटरचा एक वळसा होता, चढउतारांनी भरलेला. तो आपल्या धावपटूंना तिथे पळवत असे. आठशे मीटरवाल्या पीटर स्नेललासुद्धा. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये स्नेलने आठशे मीटरचे आणि त्याच गटातल्या मरी हॅलबर्गने पाच हजारांचे सुवर्ण जिंकले. लोकांना हे आठवते. पण लिडियार्डने पुढे पोट सुटलेल्या, हृदयविकारातून उठलेल्या व्यापाऱ्यांनाही हळूहळू पळायला लावले. बोलता येईल इतक्याच वेगाने पळा, हा त्याचा साधा नियम. जगभर पसरलेल्या ‘जॉगिंग’ची एक मोठी मुळी तिथे आहे.

ओबडधोबड जमिनीवर शरीरात नेमके काय होते? डांबरी रस्त्यावर प्रत्येक पाऊल मागच्या पावलाची नक्कल असते. टाचेमागची जाड कंडरा आणि तळव्याची कमान ताणली जाते, पुन्हा आकसते आणि साठवलेल्या ऊर्जेचा मोठा हिस्सा परत देते. म्हणून सपाटीवरचे धावणे स्वस्त पडते. जमीन मऊ किंवा वाकडीतिकडी झाली की हा व्यवहार बिघडतो. मिशिगन विद्यापीठात ॲलेक्झांड्रा वोलोशिना आणि डॅनियल फेरिस यांनी ट्रेडमिलच्या पट्ट्यावर लहानमोठे ठोकळे बसवून लोकांना पळवले. उंचीतला फरक फक्त अडीच सेंटीमीटर होता, तरी ऊर्जेचा खर्च सुमारे पाच टक्क्यांनी वाढला. कोरड्या वाळूत तर तो कडक जमिनीच्या सुमारे १.६ पट होतो, असे १९९८ मधल्या एका अभ्यासात दिसले. गुहागरच्या किंवा मोरजीच्या किनाऱ्यावर, भरतीच्या रेषेवरच्या भुसभुशीत पट्ट्यात एक किलोमीटर पळून पाहा, हा अभ्यास पिंढऱ्यांना लगेच पटेल.

याहून आश्चर्याची गोष्ट आहे ती पायाच्या हुशारीची. माणूस कडक जमिनीवरून मऊ जमिनीवर गेला, तर त्याचा पाय पहिल्याच पावलाला स्वतःचा ताठरपणा बदलतो. मऊ जमीन असेल तर पाय ताठ होतो, कडक असेल तर सैल. त्यामुळे डोके आणि धड जवळपास एकाच लयीत वरखाली होत राहते. १९९९ मध्ये हे प्रयोगाने दाखवले गेले. मेंदूला यासाठी फार विचार करावा लागत नाही. पुढच्या दोन-तीन पावलांची जमीन डोळ्यांनी टिपली की पुरते. म्हणूनच टेकडीवर धावताना मन भटकत नाही. ऑफिसातल्या भांडणाचा विचार करत डांबरावर दहा किलोमीटर सहज जातात, दगडगोट्यांच्या उतारावर शंभर मीटरही जात नाहीत.

उतारांबद्दल एक सावधगिरी. चढ दमवतो, उतार दुखवतो. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात; त्यामुळे त्यांच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि दुखणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येते. जिना उतरताना कठड्याला धरावे लागले, की समजावे परवाचा उतार जास्त झाला. मातीवर धावले की दुखापत होतच नाही, हाही समज तितकासा खरा नाही. गुडघ्यावरचा एकसुरी मारा कमी होतो, पण घोटा मुरगळण्याचा धोका वाढतो. पहिले चार-सहा आठवडे आठवड्यातून एकदाच मातीवर जावे.

महाराष्ट्राचा या खेळाशी असलेला सर्वांत ठळक धागा म्हणजे अविनाश साबळे. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातले मांडवा हे त्याचे गाव, घर शेतमजुरांचे, शाळा सहा किलोमीटरवर. बारावीनंतर तो सैन्यात महार रेजिमेंटमध्ये भरती झाला आणि सियाचीन, राजस्थान, सिक्कीम अशा ठिकाणी त्याची नेमणूक झाली. धावपटू व्हायचे असे काही ठरलेले नव्हते. २०१५ मध्ये सैन्यांतर्गत क्रॉस कंट्री स्पर्धेत तो उतरला आणि तिथून त्याची गाडी रुळावर आली. प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी २०१७ मध्ये त्याला तीन हजार मीटर स्टीपलचेसकडे वळवले. पुढच्याच वर्षी भुवनेश्वरला त्याने गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने रौप्य मिळवले, सुवर्णापासून अवघे पाच शतांश सेकंद दूर. १९९८ पासून प्रत्येक राष्ट्रकुलात या शर्यतीची तिन्ही पदके केन्या घेऊन जात होता. ती साखळी त्याने तोडली. २०२३ मध्ये हांगचौ आशियाई स्पर्धेत सुवर्ण.

स्टीपलचेसकडे त्याचे वळणे तसे स्वाभाविकच होते. ही शर्यत क्रॉस कंट्रीचीच लेक. १८५० मध्ये ऑक्सफर्डच्या एक्सेटर कॉलेजातल्या पोरांनी घोड्यांच्या शर्यतीवरून स्फूर्ती घेऊन शेताशेतांतून, कुंपणांवरून पायी शर्यत लावली. आज ट्रॅकवर दिसणारे लाकडी अडथळे म्हणजे ती कुंपणे आणि पाण्याचा खड्डा म्हणजे तिथला ओढा. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर याच शर्यतीत २०१६ च्या रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोहोचली. सावरपाड्याची कविता राऊत दहा हजार मीटरवाली. २०१० च्या राष्ट्रकुलातले तिचे कांस्य नाशिकच्या डोंगरवाटांनी घडवले होते.

तसे पाहिले तर महाराष्ट्रात मातीवर रोज हजारो पोरे धावतातच. पहाटे कुठल्याही तालुक्याच्या गावाबाहेर जा. पाणंदीवर, माळावर, तळ्याच्या बांधावर मुलेमुली पळताना दिसतील. ती पोलीस भरतीची तयारी करत असतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. त्यांच्या बाबतीत घड्याळ टाकून द्या असे म्हणण्याचा अधिकार कुणालाच नाही, कारण त्यांची नोकरी त्या काट्यावर आहे. गंमत म्हणून धावण्याची चैन ज्यांना परवडते ते शहरातले लोक मात्र माती सोडून सिमेंटवर पळतात आणि कपाळाला आठ्या घालून. पुण्याला वेताळ टेकडी आणि तळजाई आहे, नाशिकला पांडवलेणीचा परिसर आहे, कोल्हापूरकरांना तर पन्हाळ्याच्या वाटा हाकेच्या अंतरावर.

आपल्या मातीचे स्वभाव ठाऊक असावेत. काळी माती पावसात बुटाला थराथराने चिकटते आणि पाऊल किलोभर जड होते. तिथे भर पावसाळ्यात पळण्यात शौर्य नाही, वेडेपणा आहे. जांभ्या दगडाचा सडा कोरडा असताना पायाला छान पकड देतो, शेवाळ आले की घसरवतो. दाट गवतात पावसाळ्यात घोणस आणि फुरसे असू शकतात, म्हणून मळलेली वाट सोडू नये. उन्हाळ्यात माळावर टिटवी ओरडत डोक्यावर घिरट्या घालू लागली तर वाट बदलावी. तिची अंडी उघड्या जमिनीवर असतात. कासच्या पठारावर फुलांच्या दिवसांत धावायला जाऊच नये. शेताच्या बांधावरून जायचे असेल तर आधी मालकाला विचारावे. बहुतेक वेळा तो हो म्हणतो आणि चहाही देतो.

उत्तम हंगाम ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी. गट असेल तर एक छोटी शर्यत लावून पाहावी, खर्च जवळपास शून्य आहे. टेकडीवर दीड-दोन किलोमीटरचा एक फेरा निवडा, एक बऱ्यापैकी चढ त्यात असू द्या, वळणांवर चुन्याच्या खुणा करा. तीन फेरे पुरे. चार-चार जणांचे संघ पाडा आणि ते वेगाप्रमाणे पाडू नका. प्रत्येक संघात एक चपळ, दोन मध्यम आणि एक नवखा असू द्या. रेषेवर एक जण वही घेऊन उभा राहील आणि नुसते क्रमांक लिहील. वेळ लिहायची नाही. मग बेरीज करा. आणि बक्षीस वाटण्याची घाई करू नका. प्रत्येक संघाचा चौथा गडी आत आल्याशिवाय कोण जिंकले हे सांगता येत नाही.